हसलेले अनारसे

अनारसा कढईत हसतो तेव्हा आवाज होत नाही. तुपात सोडलेली चकती क्षणभर शहाण्यासारखी बसते, कडेने बारीक बुडबुडे येतात, आपण मनात ‘जमलं’ म्हणतो, आणि तेवढ्यात मधोमध भेग पडते. भेगेचं भगदाड होतं आणि बघता बघता कढईभर तपकिरी चुरा तरंगायला लागतो. झाऱ्याने गोळा करावा तर निम्मा भोकांतून निसटतो. याला आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. कोणाला हसला, हे विचारायची सोय नसते.

जुलै २०२३ मध्ये माझे ओळीने अकरा अनारसे हसले. बारावा मी सोडलाच नाही. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पाऊस नुसता ओतत होता, चौदाव्या मजल्यावरून एरवी समोर दिसणारे येऊरचे डोंगर पुसून गेले होते, आणि घरभर तळलेल्या गुळाचा वास.

निमित्त होतं जावयाच्या वाणाचं. लेकीचं लग्न आदल्या डिसेंबरात झालं आणि १८ जुलैला अधिक श्रावण लागला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. जावई नेरुळचा, घरी तमिळ. त्यांचं पंचांग सूर्यावर चालतं, त्यामुळे अधिक महिना ही भानगड त्यांच्यात नाहीच. मी त्याला समजावून सांगितलं, तर म्हणाला, “म्हणजे दर तीन वर्षांनी मला तेहतीस गोड वस्तू? आई, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं, मी लवकर हो म्हटलं असतं.”

माझी नोकरी बँकेतली, त्यामुळे अधिक महिन्याचा हिशेब मला फार आवडतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५चं. दर वर्षी अकरा दिवसांची थकबाकी. ती साचत साचत बत्तीस-तेहतीस महिन्यांत एक अख्खा महिना होतो, मग पंचांग तो एकरकमी जमा करून टाकतं. १९ वर्षांत असे ७ महिने. आणि गंमत अशी की, १९ वर्षांनी बहुतेक वेळा तोच महिना फिरून अधिक येतो. २०२३ला श्रावण, २००४ला श्रावण, १९८५लाही श्रावणच. १९८५ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाण तेहतीसचं आणि वस्तू शक्यतो जाळीदार. अनारसे, नाहीतर बत्तासे, नाहीतर म्हैसूरपाक. देशावर आणि मराठवाड्यात याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि जावयाला पुरण भरलेले धोंडे जेवायला घालतात. ते धोंडे मला जमतात. पण आमच्या घरात अनारसेच, आणि अनारसे म्हणजे आजी. तिची वही माझ्याकडे होती, म्हणून माझा जीव निर्धास्त होता. तिथेच चुकलं.

ही वही म्हणजे वाण्याकडे असते तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. आजी मराठी चौथी शिकलेली, अक्षर टपोरं आणि शब्दांची कंजुषी अशी की तारेला पैसे पडावेत. धाकट्या आत्याच्या लग्नाच्या वेळी तिने ती लिहिली, १९६८ साली. त्यातली घारग्यांची कृती अशी : ‘लाल भोपळा किसून गुळात शिजवावा. कणीक मावेल तितकी.’ संपलं. बेसनाच्या लाडवांचं : ‘तूप सुटेतो भाजावे. वासावरून कळते.’ खांडवीच्या पानावर नुसतंच ‘आले विसरू नये’, कारण बाकी सगळं सगळ्यांना येतच होतं. शेवयांच्या खिरीपुढे तर ‘नेहमीप्रमाणे’ एवढा एकच शब्द आहे. अपूर्णांक जुन्या पद्धतीचे, एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माझ्या लेकीला ते वाचताना वाटलं पणजीने काहीतरी मोजायला रेघा मारल्यात.

आता वाटतं, ही वही शिकवायला लिहिलेलीच नव्हती. आत्या त्याच स्वयंपाकघरात वाढलेली, तिला सगळं ठाऊक. सासरी जाऊन बावरली तर एखादी गोष्ट राहू नये, एवढ्यापुरत्या त्या खुणा. सांगितलेलं कमी आणि गृहीत धरलेलं जास्त. आपण मात्र अशा वह्या हाती लागल्या की प्लॅस्टिकच्या कव्हरात घालतो, फोटो काढतो, भावंडांच्या ग्रुपवर टाकतो, पाच जणी बदामाची चिन्हं पाठवतात, आणि घारगे कुणीच करत नाही. मीही त्यातलीच.

अनारशांच्या पानावर त्या मानाने बरंच होतं. ‘तां. १ शेर. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलणे. सावलीत सुकवून कांडणे. गूळ १ शेर. तूप. गोळे दाबून बरणीत. आठ दिवसांनी खसखशीवर थापून तळणे. उलटू नये.’

शेर आला म्हणून मी डगमगले नाही. शेराचे तोळे ८०, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅम. वजनमापांचा नवा कायदा १९५६चा. १९६२पर्यंत बाजारातून शेर अधिकृतपणे हद्दपार झाला होता. आजीने सहा वर्षांनंतरही शेरच लिहिला, कारण सरकारचा कायदा तिच्या उंबऱ्याबाहेर चालायचा. मी अर्धं प्रमाण घेतलं. डिजिटल काट्यावर तांदूळ ४६६ ग्रॅम, गूळ ४६६ ग्रॅम. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही.

तांदूळ तीन दिवस भिजवले. दुसऱ्या दिवशी पाण्याला किंचित आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. तिसऱ्या दिवशी उपसून जुन्या सुती साडीवर पसरले. सुकवायचे, पण कोरडे ठणठणीत नाही. मुठीत धरले तर हाताला ओल कळावी, पण दाणे चिकटू नयेत. मग मिक्सरवर वाटून मैद्याच्या चाळणीने चाळले. किसलेला गूळ, चमचाभर तूप, सगळं मळून गोळे दाबून डब्यात. हे मुरणं महत्त्वाचं. आठवडाभरात गूळ त्या दमट पिठात हळूहळू पाझरतो, पीठ थोडं आंबतं, आणि तुपात पडल्यावर त्याचीच जाळी पडते. झटपट अनारसे म्हणून जे काही मिळतं त्याला जाळी असेल, पण तो आंबूस-गोड खोलपणा नसतो. आठव्या दिवशी गोळा फोडला तर हाताला तो जरा जास्तच मऊ लागला. मी म्हटलं, छान मुरलंय.

पुढचं सांगितलंच. अकरा.

साहजिकच मी पावसाला दोष दिला. हवेत एवढा ओलावा, तांदूळ सुकणार कसे! दुसऱ्या खेपेला घर बंद करून पंखा रात्रभर फिरवला, गूळ बदलला, तांदूळही बदलला. आजी जुनी झिनी वापरायची, वाड्याची, म्हणून जांभळी नाक्यावर जाऊन वाडा कोलम आणला. वाडा तालुका आमच्या जिल्ह्यातलाच होता, २०१४ साली पालघर वेगळा झाला तेव्हा तांदळासकट तिकडे गेला. या तांदळाला आता जीआय मानांकनही आहे. मानांकनाच्या तांदळाचे अनारसेही हसले. या वेळी जरा उशिरा हसले, एवढाच काय तो फरक.

तोपर्यंत अधिक संपायला चार दिवस उरले होते. गोखले रोडवर जाऊन मी तेहतीस अनारसे विकत आणले. एकसारखे गोल, प्लॅस्टिकच्या डब्यात उभे लावलेले, खसखस मोजून पेरल्यासारखी. चांदीच्या ताटात ठेवले, दिवा ठेवला, जावयाला ओवाळलं. त्याने एक खाल्ला आणि म्हणाला, “हे तर आमचं अधिरसम!” नेरुळला त्याची आजी दिवाळीला करते, फक्त ती गुळाचा पाक करून त्यात पीठ घालते. विहीणबाईंनीही फोनवर मला दिलासा दिला, “अहो, आमचं पण तुटतं. पाक चुकला की संपलं.” तांदूळ भिजवायचे, दमट असताना कांडायचे, गुळात मुरवायचे, तळायचे. त्यांच्याकडे अधिक महिना नाही आणि अनारसा मात्र आहे. माझं दुःख निदान द्राविड उत्कल वंगापैकी एका प्रांतात तरी पोचलं होतं.

त्या रात्री विकतच्यातला एक मी खाल्ला. चांगला होता. खुसखुशीत, गोड, जाळीदार. पण आजीचा नव्हता, आणि काय कमी आहे ते सांगता येईना. मग फ्रिजमधून पहिल्या खेपेचा चुरा काढला. टाकवला नव्हता, सव्वा वाटी खसखशीसकट कोण टाकेल! वाटीत घेतला, वर गार दूध ओतलं, चमचा तोंडात घातला आणि तशीच उभी राहिले.

हीच चव. अगदी हीच. कडेला करपलेला गूळ, दुधात अर्धवट भिजलेला तांदळाचा कण, मधूनच दाताखाली खसखस. आजीचे अनारसे म्हणून चाळीस वर्षं मी जी चव जिभेवर बाळगून होते, ती हसलेल्या अनारशांची होती.

आता १९८५.

तेव्हा आम्ही चरईत राहायचो. कौलारू घर, खाली माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी. मासुंदा तलाव पाच मिनिटांवर. संध्याकाळी कोपिनेश्वराची घंटा वारा असेल तर ऐकू यायची. मी बारा वर्षांची, आणि काका-वडिलांची मिळून आम्ही पाच मुलं. अधिक श्रावण लागला आणि माजघरात आजोबांचं जुनं धोतर अंथरलं गेलं, त्यावर तांदूळ. त्या दिवशी माजघरातून पळणं बंद. बाहेर तोच पाऊस, तीच हवा. शेजारच्या खोलीत शेगडी धगधगत ठेवलेली. म्हणजे २०२३च्या पावसाला दोष देण्यात काही अर्थ नव्हता, आजीने तो पाऊस आधीच निभावलेला होता.

आजी प्रेमळ वगैरे नव्हती. लोकांच्या आठवणीतल्या आज्या सुरकुतलेल्या हातांनी घास भरवतात. आमची आजी हातावर पळी मारायची. कांडताना कुणी बोललेलं तिला चालत नसे. थापताना तर ती श्वाससुद्धा मोजून घ्यायची. केळीच्या पानावर खसखस, त्यावर सुपारीएवढा गोळा, बोटांच्या टोकांनी गोल फिरवत थापायचा, कडा पातळ आणि मध्य किंचित जाड. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात. उलटायचा नाही, नाहीतर जाळी मिटते. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. निघालेले अनारसे पितळी चाळणीत उभे, तूप निथळायला.

आणि हिशेब कडक. जावई दोन, थोरल्या आत्याचे आणि धाकट्या आत्याचे, म्हणजे सहासष्ट. देवापुढे पाच. भटजींना, समोरच्यांना. एवढ्यात घाणा संपायचा. आम्हा मुलांना नैवेद्यातला अर्धा अर्धा, तोही संध्याकाळी. बाकी आमच्या वाट्याला यायचा चुरा. हसलेले तेवढे आमचे, असा अलिखित नियम होता. तो चुरा आजी वेगळ्या पातेल्यात काढायची आणि रात्री, सगळी निजानीज झाली की स्वयंपाकघरात पाच वाट्या मांडायची. सहावी वाटी तिची. दिवसभर ‘मला गोड नको, घशाशी येतं’ म्हणणारी आजी त्या वेळी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, दुधात कालवलेला चुरा सावकाश खायची. बोलत तेव्हाही नसे.

वाण द्यायची वेळ आली की ताट घेऊन काकू पुढे व्हायची. आजोबा १९७४ साली गेले. त्यानंतर आजीने तांदूळ भिजवायचे, कांडायचे, गोळे मुरवायचे, धगीपाशी बसून सहासष्ट अनारसे तळायचे, आणि ताटाला मात्र हात लावायचा नाही. हे कुणी तिला सांगितलं होतं असं नाही. कुणी अडवलंही नव्हतं. तीच आत बसून राहायची. मी एकदा विचारलं, “आजी, तू का नाही देत?” तर म्हणाली, “कढई कोण बघणार?” कढईखालचा जाळ तेव्हा विझलेला होता.

समोरच्यांचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर. समोर सीकेप्यांचं घर. ठाण्यात त्यांची वस्ती जुनी आणि भरपूर. तिथल्या मावशींकडून श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, पिठोरीला, निनावाची वडी यायची. बेसन, थोडी कणीक, गूळ, नारळाचं दूध, तूप, जायफळ-वेलची. शिजवून थाळ्यात ओतायचं आणि वर-खाली निखारे ठेवून भाजायचं. वरून खरपूस पापुद्रा, आत लुसलुशीत. आईने एकदा कृती विचारली, तर मावशी म्हणाल्या, “अगं, ज्याला नाव नाही त्याची कृती कुठली?” निनावाचा थाळा रिकामा परत जायचा नाही, त्यात चार अनारसे ठेवले जायचे. खरवस, येऊरच्या बायकांनी जांभळी नाक्यावर विकायला आणलेल्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, हे सगळंच आठवतं. पण त्यात रमले तर अनारसे राहतील.

ऑक्टोबरात मी डोंबिवलीला धाकट्या आत्याकडे गेले. ती तेव्हा शहात्तरची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी सगळी कर्मकहाणी सांगितली, काट्याचा फोटोसुद्धा दाखवला. तिने चष्मा चढवून फोटो पाहिला आणि विचारलं, “हे काय, तांदूळ वजनावर घेतलेस?”

“मग? शेर म्हणजे ९३३ ग्रॅम ना!”

“तांदूळ कुणी तोलतं का गं? तांदूळ मापायचे. गूळ तोलायचा.”

मी गप्प. तिने हाक मारून नातवाच्या टेबलावरून एक पितळी भांडं मागवलं. त्यात पेनं, पेन्सिली, एक तुटका कंपास. सगळं पलंगावर ओतून भांडं माझ्या हातात दिलं. “हे आईचं मापटं. दोन मापटी म्हणजे शेर. पण मापाचा शेर. तागडीतला शेर वेगळा, मापाचा वेगळा. आणि गावागणिक वेगळा. पेणचं माप आणि ठाण्याचं माप एक नाही.”

“हे वहीत का नाही लिहिलंय?”

“काय लिहायचं त्यात? तांदूळ मापतात हे काय लिहितात?”

तिथेच स्वयंपाकघरात काटा मागवला. मापटं काठोकाठ भरलं, आत्याने तळहाताने वरचा ढीग सारून सपाट केलं. तांदूळ भरले ६१२ ग्रॅम. मी घेतले होते ४६६. म्हणजे तेवढ्याच गुळाला दीडशे ग्रॅम तांदूळ कमी. गूळ पिठाला जड झाला होता, तुपात पडला की पाघळून पिठाची साथ सोडत होता. ना पाऊस, ना मिक्सर, ना तांदळाचं मानांकन. सत्तावीस वर्षं बँकेत काढून मी दोन वेगवेगळ्या चलनांची सरळ बेरीज केली होती.

“आणि ते शेवटचे?” मी विचारलं. “आजीचेसुद्धा हसायचे की दोन-चार. आम्ही त्याच्यावरच जगलो.”

आत्या हसली. “शेवटचे हसायचेच. दर वेळी. आई म्हणायची, पीठ संपताना सैल पडतं.”

दिवाळीला पुन्हा घाट घातला. मापटं आत्याने दिलं, नातवाला नवा स्टँड कबूल करून. एक मापटं तांदूळ, ४६६ ग्रॅम गूळ; या वेळी साधा मऊ पिवळा, चिक्कीचा नाही. ऑक्टोबरची हवा कोरडी, तांदूळ चार तासांत हवे तसे झाले. लेक येऊन बसली होती, मोबाइलवर सगळं टिपून घेत. तिची एक मैत्रीण दुबईला असते, तिला डबा पाठवू म्हणाली, मग तिनेच शोधून सांगितलं की तिकडे खसखस न्यायला बंदी आहे. अफूची बी शेवटी. आजीच्या पाच नातवंडांना रात्री वाट्या चाटून इतकी गाढ झोप का लागायची, यावर थोडी चर्चा झाली.

पहिला अनारसा सोडताना दोघीही बोललो नाही. कडेने बुडबुडे आले. मध्यात भेग पडेल म्हणून मी झारा घेऊन तयार. पडली नाही. वरून तूप उडवलं, तसतशी जाळी उमलत गेली, मधाच्या पोळ्यासारखी. चाळणीत उभा केला, तो उभा राहिला. दुसरा. तिसरा. दहाव्याच्या पुढे आम्ही गप्पा मारायला लागलो.

लेकीने पहिला खाल्ला, “आई, एकदम भारी.” मी खाल्ला. चांगला होता. खुसखुशीत, आंबूस-गोड, विकतच्यापेक्षा शंभर पट बरा. अख्खा अनारसा हातात धरून खाताना मात्र मला जरा पाहुण्यासारखं वाटत होतं. हा जावयांचा अनारसा. आमच्या आजीने सहासष्टच्या सहासष्ट असे काढले असणार.

अधिक केव्हाच संपला होता, पण जावयासाठी तेहतीस मोजून बाजूला ठेवले. थकबाकी म्हणा. पुढचा अधिक ज्येष्ठ, २०२६च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात. तेव्हाचे तांदूळ दोन तासांत वाळतील, लक्ष ठेवायला हवं. लेक विचारत होती, “तांदूळ किती लिहू? ६१२ ग्रॅम?” मी हो म्हणणार, तर तिने लिहिलेलं वाचून दाखवलं, “एक मापटं.” म्हटलं, ग्रॅममध्ये लिही, हे कुणाला कळणार? तर म्हणे, “मापटं आहे की घरात.”

तळत तळत शेवटापर्यंत आलो. परातीत एकच गोळा उरला. मी तो बोटांनी दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. पहिल्या गोळ्याइतकाच घट्ट होता. पीठ संपताना सैल बिल काही पडत नाही.

लेक फोनवर बोलत बाल्कनीत गेली होती. मी दुधाचं पातेलं पुढे ओढलं आणि त्या गोळ्यात दोन चमचे दूध जास्तीचं घातलं.